कारणाचा रकाना

परवा रात्री २ वाजून १३ मिनिटांनी मला नकार आला. एवढ्या रात्री कोणी माणूस तो पाठवत बसला नसणार, हे मलाही समजते. पण त्या यंत्राला निदान मी कोणत्या पदासाठी अर्ज केला होता हे तरी ठाऊक असावे, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. अर्ज केला होता क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे कर्जाचे प्रस्ताव तपासणाऱ्याच्या, पदासाठी आणि ईमेलमध्ये लिहिले होते, की ट्रेझरी विभागातील जागेसाठी माझा विचार करणे शक्य झाले नाही. म्हणजे ज्या नोकरीकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते, तीसुद्धा मला नाकारण्यात आली. बाकीचा मजकूर एव्हाना तोंडपाठ झाला आहे. अर्जांचा दर्जा अत्यंत उच्च होता, निवड करणे कठीण गेले, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आणि सर्वांत खाली सूचना, की कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

माझ्या अर्जांचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवते. पद, तारीख, टप्पा, निकाल आणि कारण असे पाच रकाने आहेत. आजमितीस ६३ ओळी भरल्या आहेत. त्यांपैकी ४१ ओळींत निकाल म्हणून ‘उत्तर नाही’ असे लिहिले आहे, उरलेल्या २२ ओळींत ‘नकार’ आहे आणि कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा आहे.

नकाराचे मला फारसे वाईट वाटत नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण वाईट वाटणे वेगळे आणि संताप येणे वेगळे, आणि संताप येतो तो या कोऱ्या रकान्याचा.

सुरुवातीचे टप्पे तर विचारूच नका. रेझ्युमे अपलोड करायचा आणि पुढच्याच पानावर त्यातील प्रत्येक ओळ पुन्हा हाताने भरायची. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘एंट्री लेव्हल’ आणि तिसऱ्या मुद्द्यात ‘किमान २ वर्षांचा अनुभव’. प्रमाणपत्रांच्या मागे धावावे, तर तेथेही तोच खोडा. सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेच्या पहिल्या पातळीचे १८० प्रश्न साडेचार तासांत सोडवता येतील, पुढच्या दोन्ही पातळ्याही एक वेळ पार पडतील. पण नावापुढे ती तीन अक्षरे लावायची, तर किमान ३६ महिन्यांत मिळून ४००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव हवा. तो कोठून आणायचा, याचे उत्तर अर्थातच ‘नोकरी करून’ असे आहे.

पण ज्या अर्जाचा निकाल परवा आला, तो या सगळ्या चाळण्यांतून पार पडला होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. आधी रेकॉर्ड केलेली मुलाखत झाली. समोर माणूस नाही, पडद्यावर स्वतःचाच चेहरा, विचार करायला ३० सेकंद आणि उत्तराला ९० सेकंद. मग खरी मुलाखत झाली आणि तीत तो ठरलेला प्रश्न आलाच : घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी धरलेला खर्च) १० ने वाढला, तर नफा-तोटा, रोख प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय बदल होतील? मी कराचा दर ४० टक्के धरला आणि सांगितले, की निव्वळ नफा ६ ने घटेल. घसाऱ्यात रोख बाहेर जात नसल्यामुळे रोख प्रवाहात ते १० परत मिळवले जातील आणि रोकड ४ ने वाढेल. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने कमी, रोकड ४ ने जास्त, म्हणजे एका बाजूला ६ ची घट आणि दुसऱ्या बाजूला भागधारकांच्या निधीतही ६ चीच घट. मुलाखत घेणारे गृहस्थ मान डोलावून ‘छान’ म्हणाले. ते ‘छान’ मी दोन आठवडे उराशी धरून बसले होते.

त्यानंतर शुक्रवारी संध्याकाळी केस स्टडी आली. मालवाहतूक करणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचे डीसीएफ मॉडेल (पुढच्या रोख प्रवाहांवरून आजचे मूल्य काढायचे गणित), पाच वर्षांचे अंदाज, वर कर्ज द्यावे की न द्यावे यावर दोन पानी टिपण, आणि सगळे सोमवारी सकाळपर्यंत. शनिवारी मध्यरात्रीनंतर ताळेबंद जुळेना. ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमेतील वाढ रोख प्रवाहातून वजा करण्याऐवजी मी मिळवली होती. ते एक उलटे चिन्ह सापडायला मला तीन तास लागले. सवलतीचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य काढायचा दर, ९ टक्के असताना दीर्घकालीन वाढीचा दर २ वरून ३ टक्के केला, की अंदाजाच्या पाच वर्षांपुढच्या काळाचे अंतिम मूल्य जवळजवळ १८ टक्क्यांनी फुगते, तेव्हा या आकड्यावर फार विसंबू नये, असा इशाराही मी टिपणात दिला होता. तो कोणी वाचला का? फाइल उघडली तरी का? मॉडेल चुकले, टिपण कच्चे होते, की जागा आधीच कोणाला देऊन झाली होती? यांपैकी काहीही असू शकते, आणि पुढच्या वेळी मी नेमके काय सुधारायचे हे यावरच अवलंबून आहे.

ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काचा करार, शिकवताना आम्हाला सांगितले होते, की ते घेणाऱ्याला हक्क मिळतो, त्याच्यावर बंधन नसते, आणि त्या हक्कापोटी तो समोरच्याला प्रीमियम मोजतो. माझ्या शनिवार-रविवारवर या लोकांना नेमका असाच हक्क होता. फरक एवढाच, की प्रीमियम शून्य होता आणि मुदत कधी संपणार हे मला कोणी सांगितले नव्हते. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले होते, की मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीसारखा खर्चिक संकेत पाहतो. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये ते एक मानकरी होते. मान्य. संकेत देण्याचा खर्च मी सोसला, आणखीही सोसेन. पण उलट दिशेने एक ओळ पाठवायला यांना काय खर्च येतो?

‘त्यांच्याकडे हजारो अर्ज येतात गं,’ असे समजूतदार लोक सांगतात. येत असतील. पहिल्याच चाळणीत गळलेल्यांना कारणे कळवा, असे मी म्हणतच नाही. पण शेवटच्या टप्प्यापर्यंत किती जण पोहोचतात? त्यांच्या नावासमोर कोणीतरी गुण दिलेले असतात, शेरा लिहिलेला असतो. तो शेरा जेथे लिहिला, तेथेच राहतो. आणि गंमत अशी, की मी ज्या कामासाठी अर्ज केला होता, त्या कामाचे मर्मच हे आहे. कर्ज नाकारायचे असेल, तर का नाकारले ते फाइलवर नोंदवा, ‘प्रस्ताव योग्य वाटला नाही’ असे मोघम लिहू नका, कोणते गुणोत्तर कमी पडले ते लिहा, हे क्रेडिटच्या तासाला आमच्याकडून घोटून घेतले होते. मला आलेल्या ईमेलसारखे टिपण मी परीक्षेत लिहिले असते, तर नापास झाले असते.

काल सकाळी त्यांचा आणखी एक ईमेल आला. क्षणभर वाटले, कोणीतरी खरेच कळवले. उघडून पाहिले, तर सर्वेक्षण होते : आमच्या निवड प्रक्रियेचा आपला अनुभव १ ते ५ या श्रेणीत नोंदवा. मी १ वर टिचकी मारली. लगेच खाली एक चौकट उघडली, तिच्यावर लाल चांदणी होती आणि शेजारी लिहिले होते, ‘कृपया कारण द्या. हा रकाना भरणे अनिवार्य आहे.’