सबवूफरचा नॉब ८० वर? अर्धंच खरं आहे

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हर नॉब ८० हर्ट्झवर ठेवा आणि व्हॉल्यूम फुल करा.’ सबवूफर म्हणजे खोल आवाजाचा, बासचा स्पीकर; आणि क्रॉसओव्हर म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या वरचा आवाज त्याच्यापर्यंत जाऊ न देणारी गाळणी. मेसेजमधला ८० चा आकडा बरोबर आहे, जागा मात्र चुकीची.

एव्ही रिसीव्हरच्या (होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या डब्याच्या) ‘सब आउट’मधून एकाच आरसीए केबलने सबवूफर जोडला असेल, तर ८० हर्ट्झची गाळणी रिसीव्हरच लावतो. मागचा नॉबही ८० वर ठेवला की चहा दोनदा गाळल्यासारखं होतं, आणि ८० च्या आसपासचा बास दबतो. म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरवा, किंवा ‘एलएफई’ (सबवूफरची स्वतःची गाळणी बाजूला ठेवणारा) हा पर्याय असेल तर तो निवडा. रिसीव्हरमध्ये बाकीचे स्पीकर ‘स्मॉल’ करा, म्हणजे त्यांचा बास सबवूफरकडे जाईल. स्टीरिओ अॅम्प्लिफायरला गाळणीच नसेल, तर मात्र मागचा नॉब वापरावाच लागतो.

व्हॉल्यूम फुल? लग्नाच्या डीजेला शोभतं ते. अर्ध्यावर ठेवून रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने आवाज मोजून सेटिंग आपोआप लावणं) चालवा, पण त्याआधी कूलर बंद करा! मे महिन्यात जिवावर येतं, पण त्या घरघरीने मोजमाप बिघडतं. टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा रिसीव्हर सबवूफरचं अंतर जास्त दाखवेल. ती चूक नव्हे. सबवूफरच्या सर्किटमधला उशीर त्यात धरलेला असतो. आकडा बदलू नका.

एवढं करूनही बास गायब वाटला, तर खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध आहे का ते आधी बघा. तशी असेल तर हातभर मागे घ्या.