अर्जातून गळालेली कन्नड

गावाकडची पोरं अर्ज तपासायला पाठवतात. कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागातली, खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडची. कुणी डिप्लोमावाली, कुणी इंजिनिअर. मी दक्षिण जर्मनीत पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात आहे, म्हणून ‘दादा, जरा बघ की’ म्हणत कव्हर लेटर येतं. ‘रिस्पेक्टेड सर’, मग ‘आपल्या नामांकित कंपनीत’, मग मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे. कंपनीचं नाव बदललं की तेच पत्र पुण्यालाही जातं आणि बंगळुरूलाही. त्याचं मला विशेष नाही. जर्मनीतही लोक या एकपानी पत्राला वैतागलेत. इथल्या रेल्वेनं, डॉइच बाननं, २०१८ मध्ये शिकाऊ उमेदवारांकडून ते मागणंच सोडून दिलं.

मला खटकतं ते वेगळंच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत काम केलेला पोरगा. मोल्डिंगवरच्या कामगारांशी कन्नडमधून बोलतो, मालकाशी मराठीत, लांबच्या गिऱ्हाईकाशी हिंदीत, ड्रॉइंग आणि मेल इंग्रजीत. पत्रात यातलं काही नाही. अर्ज पुण्याला जाणार असेल तर कन्नड गायब, बंगळुरूला जाणार असेल तर मराठी गायब. का रे, म्हटलं तर उत्तर ठरलेलं: ‘उगीच कशाला दादा, त्यांना वाटंल हा तिकडचा.’

त्याला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही. नोकरी म्हटली की दोन्हीकडून त्याला आधी ‘तू कुणाचा?’ हेच विचारलं गेलंय. कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्रानं दावा सांगितलाय, तिथल्या मराठी उमेदवाराला महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला हवा. कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं जुलै २०२४ मध्ये खासगी उद्योगांत स्थानिकांसाठी व्यवस्थापनाच्या ५० आणि बाकीच्या ७० टक्के जागा राखण्याचं विधेयक मंजूर केलं. स्थानिक कोण? राज्यात जन्मलेला, १५ वर्षं राहिलेला, कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणारा. शाळेच्या दाखल्यात कन्नड नसेल तर परीक्षा. उद्योगांनी ओरड केल्यावर ते लगेच थांबवलं. दोन्ही सरकारांचं एवढ्या वर्षांत एकाच गोष्टीवर जमलंय, ती म्हणजे १५ हा आकडा.

परदेशात बसून ‘भाषेचं राजकारण सोडा’ म्हणणारे आमच्यातही पुष्कळ आहेत. त्यांचा युक्तिवाद असा, की इथं जर्मन शिकलास, पत्रही जर्मनमध्येच लिहिलंस, तेव्हा कुरकुर केली नाहीस, मग कन्नडचंच एवढं काय? मला हे पटत नाही. मी आपणहून दुसऱ्यांच्या देशात आलो. येळ्ळूरचा माणूस आहे तिथंच आहे. १९५६ मध्ये त्याचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, ते त्याला न विचारता. त्याला गावातल्या कचेरीत मराठी कागद मागायचा हक्क आहे, आणि महाराष्ट्राचा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला सीमाप्रश्नाचा दावा लांबला म्हणून तो हक्क शिळा होत नाही.

आल्प्सपलीकडं इटलीत दक्षिण टिरोल आहे. जर्मन बोलणाऱ्यांचा हा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडं गेला. तिथं सरकारी नोकरीला दोन्ही भाषांचं प्रमाणपत्र लागतं, जर्मन बोलणाऱ्याला आणि इटालियन बोलणाऱ्यालाही. जागाही भाषागटांच्या संख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. हे गोडीगुलाबीनं मिळालं नाही, १९६० च्या दशकात तिथं बॉम्बही फुटले. आणि अर्जदाराला आपण कुठल्या गटाचे हे तिथंही जाहीर करावं लागतं, तेव्हा फार कौतुक नको. पण परीक्षा दोघांना आहे. बेळगावात ती एकट्या मराठी माणसाला आहे, आणि खरी तक्रार हीच असायला हवी.

मात्र ही तक्रार मोर्चात मांडायची, निवेदनात मांडायची. नोकरीच्या पत्रात आपली कन्नड लपवून ती मांडली जात नाही. नुसतं आपलंच एक कसब कमी दिसतं. इथं बायोडेटात भाषेपुढं ए-१ ते सी-२ अशी पातळी लिहितात. कन्नडपुढं बी-२ लिहिलं म्हणून कुणी निष्ठा मोजत नाही. त्यामुळं पोरांना मी दुसरा परिच्छेद असा लिहायला लावतो: ‘पाळी सुरू होताना कामगारांना सूचना मी कन्नडमध्ये देत असे, रिजेक्ट झालेल्या कास्टिंगबद्दल गिऱ्हाईकाशी मराठीत आणि हिंदीत बोलणं माझ्याकडे होतं, रिपोर्ट इंग्रजीत.’ यात ‘कष्टाळू’ हा शब्द लागत नाही.

पुण्यातला एखादा साहेब हे वाचून नाक मुरडेलही, बंगळुरूतलाही मुरडेल. पण कोल्हापुरातून माल उचलून हुबळी-धारवाडला विकणाऱ्या कारखानदाराला दोन्हीकडं फोन करू शकणारा माणूस रोज लागतो, आणि तो खानापूरच्या पोराइतका तयार दुसरीकडं सहज मिळत नाही.