ई-४ आढळले म्हणजे अल्झायमर ठरलाच असे नाही

‘आईला किंवा वडिलांना अल्झायमर झाला असेल तर मुलांना तो होणारच, चाचणीत ई-४ जनुक आढळले की निकाल लागला, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये प्लाक (प्रथिनाचे साचलेले थर) दिसले की स्मृती गेलीच समजा’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांची झोप उडवणारी ही तिन्ही विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान मोजक्या घराण्यांपुरतेच खरे आहे. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या तीन जनुकांपैकी एखाद्यात ठरावीक उत्परिवर्तन (जनुकाच्या रचनेतील बदल) असेल, तर आजार बहुधा पासष्टीच्या आत सुरू होतो आणि ते उत्परिवर्तन प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. असे रुग्ण शंभरात जेमतेम एक. ऐंशीव्या वर्षी विसरू लागलेल्या आईच्या मुलांना हा नियम लागू होत नाही. त्यांचा धोका इतरांपेक्षा काहीसा अधिक असतो, इतकेच.

दुसऱ्या विधानात मुळातच गफलत आहे. एपोई हे जनुक प्रत्येकाकडे असते. ई-४ हा त्याच्या ई-२, ई-३ आणि ई-४ या तीन प्रमुख प्रकारांपैकी एक. त्याचा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३ मध्ये पुढे आला. आई-वडिलांपैकी एकाकडून ई-४ आले तर धोका साधारण तिप्पट होतो आणि दोघांकडून आले तर तो कितीतरी अधिक वाढतो, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही ई-४ असलेली अनेक माणसे अखेरपर्यंत शाबूत स्मृतीने जगतात, आणि अनेक रुग्णांत ई-४ नसतेच. केवळ या चाचणीवरून निदान करता येत नाही.

तिसऱ्या विधानाने सर्वांत जास्त नुकसान होते, कारण स्कॅनचे चित्र माणसाला अंतिम वाटते. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपल्या मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे जे वर्णन मांडले, त्यात दोन गोष्टी होत्या: पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पिळे पडलेले तंतू. थर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे, तंतू टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे. अमायलॉइड लक्षणांच्या दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही आधी साचू लागते आणि कित्येक वृद्धांत ते असूनही स्मृती उत्तम असते. विस्मरणाची तीव्रता अधिक जुळते ती टाऊच्या फैलावाशी.

२०१९ मध्ये नोंदवलेले कोलंबियातील एका स्त्रीचे उदाहरण इथे बोलके आहे. तिच्याकडे प्रेसेनिलिन-१ मधील तेच उत्परिवर्तन होते, ज्यामुळे तिच्या नातलगांची स्मृती चाळिशीतच ढळू लागे. मेंदूत अमायलॉइडही विपुल होते. पण एपोईमधील एक दुर्मीळ बदल तिला आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता. टाऊ फारसा पसरला नव्हता, आणि तिच्या स्मृतीला पहिला धक्का लागला तो सत्तरी ओलांडल्यावर.