‘स्त्रियांची सेवा करायची आहे’ एवढं उत्तर पुरत नाही

नर्सिंगच्या मुलाखतीत “प्रसूती विभागच का?” असं विचारलं की बहुतेक विद्यार्थिनी “स्त्रियांची सेवा करायची आहे” म्हणतात. मनापासूनच म्हणतात. पण त्या उत्तरात बाळंतीण कुठे दिसत नाही. माझ्या मते या कामाचं खरं कारण बाळ जन्मल्यानंतरच्या दोन तासांत सापडतं.

बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री झाली, की मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचं (गर्भाशय आवळणाऱ्या औषधाचं) १० युनिटचं इंजेक्शन मांडीत द्यायचं. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्याच्या उकाड्यात अँप्युल (औषधाची काचेची कुपी) ट्रेमध्येच पडून राहिली तर औषधाचा जोर कमी होतो. मग इंजेक्शन वेळेवर देऊनही गर्भाशय नीट आवळत नाही, रक्त जात राहतं आणि कारण कुणाच्या ध्यानातही येत नाही.

वार (प्लॅसेंटा) पूर्ण पडली का, हे उलटसुलट करून बघायचं. मग दर १५ मिनिटांनी पोटावर हात. बेंबीच्या आसपास गर्भाशयाचा टणक गोळा लागला तर ठीक. मऊ लागला तर लगेच चोळायला घ्यायचं. वर, एका कुशीला सरकलेला लागला तर लघवी तुंबलीय का बघायचं, कारण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आकसू देत नाही.

रक्तस्राव नजरेनं मोजला की हमखास कमी भरतो. भिजलेले पॅड आणि कापड वजन करून बघा, कोरं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. ५०० मिली व्हायची वाट बघत बसू नका, त्याआधीच डॉक्टरांना हाक मारा. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, नाडी आधी पळायला लागते. “बीपी नॉर्मल आहे” म्हणून निर्धास्त राहणं फार महागात पडतं.

या दोन तासांत खाटेशी बहुतेक वेळा सिस्टरच असते. “सिस्टर, डोळ्यांपुढे अंधारी येतेय” हे बाई तिलाच सांगते. हे वाचून तुमचा हात पोटावर ठेवायला शिवशिवत असेल, तर मुलाखतीत तेच सांगा.

नर्सिंगचं शिक्षण असं: एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) २ वर्षांचं, जीएनएम (सामान्य परिचारिका-प्रसाविका) ३, बीएस्सी नर्सिंग ४. पुढे जीएनएम किंवा बीएस्सीनंतर मिडवाइफरीचा (प्रसूतिसेवेचा) १८ महिन्यांचा खास अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारनं त्याच्या मार्गदर्शक सूचना २०१८ मध्ये काढल्या. प्रवेश घेताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता तर बघाच, पण इमारत आणि लॅब बघून भुलू नका. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा, स्वतःच्या हातांनी किती बाळंतपणं केलीत?