म्हणे, व्हीपीएस घेतला की सगळं सुटलं!

‘शेअर्ड होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली, व्हीपीएस म्हणजे स्वतःचा बंगला’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या जिकडे तिकडे फिरतोय. (शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट; व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या मशीनचा तुमच्यापुरता वेगळा केलेला तुकडा.) दावे पाच. व्हीपीएस आपोआप सुरक्षित असतो, साइट पळायला लागते, वेगळा आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) मिळाल्याने गुगलमध्ये नंबर वर जातो, मेल स्पॅममध्ये जात नाहीत, आणि सर्व्हर ‘संपूर्ण आपला’ असतो. परवा हा मेसेज माझ्या मामेबहिणीकडे पोचला. तिची साइट म्हणजे शिकवणीची माहिती, वेळापत्रक आणि चौकशीचा एक फॉर्म. ‘घेऊ का?’ असं तिने विचारलंच नाही. थेट ‘कुठला घेऊ?’ त्यामुळे आता हे लिहिणं आलं.

गुगलचं आधी उरकतो. वेगळ्या आयपीने नंबर वर जातो ही समजूत गुगलचे तेव्हाचे इंजिनिअर मॅट कट्स यांनी २००६ मध्येच खोडून काढली होती. एका आयपीवर अनेक साइट असल्या तरी गुगल त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघत नाही. इतकी वर्षं झाली, तरी हे पिल्लू अजून सोडलं जातंय.

आता सुरक्षिततेचं. चीड येते ती या दाव्याची, कारण इथे माणसाचं खरंच नुकसान होतं.

साधा, म्हणजे अनमॅनेज्ड (कंपनी सांभाळत नाही असा) व्हीपीएस घेतला की हातात येते एक कोरी ऑपरेटिंग सिस्टिम आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, ॲक्सेस. फायरवॉलचे नियम, एसएसएचची (दुरून लॉगिन करायच्या सोयीची) सेटिंग, साइट चालवणाऱ्या पीएचपीचं व्हर्जन, डेटाबेसचे अपडेट हे सगळं तुमच्या अंगावर. शेअर्ड होस्टिंगवर ही हमाली कंपनी करत असते. मी सांगतोय म्हणून मानू नका, ॲमेझॉनचं ‘शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी मॉडेल’ वाचा. तिथे स्वच्छ लिहिलंय की ईसीटूसारख्या (ॲमेझॉनचे भाड्याचे सर्व्हर) सेवेत आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमची, तिच्या अपडेट आणि सिक्युरिटी पॅचसकट, जबाबदारी ग्राहकाची. वर टाकलेलं सॉफ्टवेअर आणि फायरवॉलची मांडणीसुद्धा ग्राहकाचीच. व्हीपीएस विकणाऱ्या बहुतेकांच्या अटींचा सूर हाच असतो, फक्त तो जाहिरातीत नसतो.

नवा व्हीपीएस चालू करा, पासवर्डने लॉगिन तसंच राहू द्या आणि थोड्या वेळाने लॉगिनच्या नोंदींची फाईल उघडा. ‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर ॲडमिन’, मग ‘टेस्ट’, मग ‘ओरॅकल’, मग ‘पोस्टग्रेस’, अशा ओळींवर ओळी. तुमच्यावर कुणाचा राग नाही. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, इंटरनेटवरच्या प्रत्येक आयपीचं दार ठोठावत फिरत असतात. डिजिटल किल्ली लावून पासवर्डचं लॉगिन बंद करणं, फेलटूबॅन (चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्याला अडवणारं सॉफ्टवेअर) बसवणं, पॅच आपोआप पडतील असं बघणं ही कामं अवघड नाहीत, पण कुणीतरी करावी लागतात. प्रत्यक्षात होतं असं, की ओळखीतला एखादा मुलगा सर्व्हर लावून देतो, नोकरी लागते, तो निघून जातो. सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. त्या मुलाने तेव्हा तेच लावून दिलं असेल, तर त्या बंगल्याला कडी नाही आणि मालकाला पत्ताच नाही.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. शेअर्ड सर्व्हरवर एकाची साइट फुटली की तिथून शेजाऱ्याच्या फायली वाचता येण्याचे प्रकार झाले आहेत. केजएफएससारख्या सोयींनी आता प्रत्येक खातं वेगळं कोंडता येतं, पण प्रत्येक कंपनी ते करतेच असं नाही. घेण्याआधी विचारा. तरीही वर्डप्रेसमध्ये शिरकाव होतो तो बहुतेकदा जुन्या प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमधून), आणि ते प्लगइन तुमच्याबरोबर व्हीपीएसवरही येतं.

वेगाबद्दल अर्धं खरं आहे, तेही मनाविरुद्ध मान्य करतो. शेअर्डवर मर्यादा घट्ट असतात. एकाच वेळी जास्त लोक आले की ५०८ नंबरची एरर दिसते. पण व्हीपीएससुद्धा एका मोठ्या मशीनचा तुकडाच असतो. सर्व्हरवर ‘टॉप’ ही कमांड चालवा, सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ दिसेल. तो आकडा वर गेला की समजायचं, तुमच्या वाटणीचा वेळ दुसरं कुणीतरी खातंय. आणि सगळ्यात स्वस्त, एक जीबी रॅमचा व्हीपीएस घेऊन त्यावर मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि पीएचपी दोन्ही कोंबलं, की गर्दीत मेमरी संपते, लिनक्स मायएसक्यूएललाच मारून टाकतो आणि साइटवर डेटाबेस जोडता येत नसल्याची एरर झळकते. तुमची अडचण खरंच मर्यादेची आहे का, हे सीपॅनलमधल्या (होस्टिंग सांभाळायच्या पॅनलमधल्या) ‘रिसोर्स युसेज’च्या आलेखात दिसतं. तिथे फॉल्ट, म्हणजे मर्यादेला धडकल्याच्या नोंदी, शून्य असतील तर आधी कॅशिंग (तयार पानं साठवून देणं) लावा, फोटो हलके करा.

मेलचा दावा तर उलटाच पडतो. शेअर्ड आयपीवर शेजाऱ्याच्या स्पॅममुळे तुमचं नाव खराब होऊ शकतं, हे खरं. पण नव्या व्हीपीएसवर मुळात नावच नसतं. अनेक कंपन्या पोर्ट २५ (सर्व्हरवरून मेल पाठवायची वाट) सुरुवातीपासून बंद ठेवतात. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून आल्याचा पुरावा) आणि आयपीची पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) मागतं. ती कोण लावणार? मेल वेगळ्या सेवेकडे द्या, साइट कुठेही असू दे.

राहिलं ‘संपूर्ण आपला’. नोडचा (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला) ॲप सतत चालू ठेवायचाय, रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) हवंय, क्यूचे वर्कर (मागे रांगेतली कामं उरकणारे प्रोग्राम) हवेत, तर शेअर्डवर तुमचा जीव जाईल. तेव्हा व्हीपीएसच घ्या, आणि सर्व्हर सांभाळणारं माणूस नसेल तर मॅनेज्ड (कंपनीच सांभाळते तो) घ्या. फक्त मॅनेज्डमध्ये बऱ्याचदा रूटचा ॲक्सेस कंपनी स्वतःकडेच ठेवते, हे त्या मेसेजमध्ये लिहायचं राहून गेलंय.