कोर्डाचं वर्ष होतंच, पण लिडियाचं काय?

२०२४ च्या एलपीजीए (महिलांची व्यावसायिक गोल्फ टूर) सीझनवरचा तुमचा लेख छान आहे पण तो सीझन म्हणजे फक्त अमेरिकेची नेली कोर्डा असा सूर पटला नाही. सलग पाच स्पर्धा जिंकणं म्हणजे चेष्टा नाही, तिच्याआधी हे फक्त नॅन्सी लोपेझ आणि अनिका सोरेनस्टॅमला जमलंय, आणि त्या पाचांतली शेवटची शेवरॉन म्हणजे मेजर, सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक. पण मधला पडता काळ तुम्ही एका ओळीत उरकलात! यूएस विमेन्स ओपनला लँकेस्टरच्या बाराव्या होलवर, पार तीनच्या (तीन शॉट्स अपेक्षित असलेल्या) होलवर, तीन बॉल पाण्यात घालून तिने १० शॉट्स घेतले, त्या दिवशी एकूण ८० शॉट्सचा राउंड, आणि ती स्पर्धा धरून ओळीने तीन स्पर्धांत कट हुकला, म्हणजे शेवटच्या फेऱ्या खेळायलाच मिळाल्या नाहीत. ते सगळं पचवून नोव्हेंबरात सीझनमधली सातवी स्पर्धा जिंकली, मला तर हेच पाच विजयांपेक्षा मोठं वाटतं.

आणि न्यूझीलंडची लिडिया को! ऑलिंपिकमध्ये रिओला सिल्व्हर, टोकियोला ब्राँझ, पॅरिसला गोल्ड, त्या गोल्डने एलपीजीए हॉल ऑफ फेमसाठी लागणारा २७ वा पॉइंट मिळाला तेपण वयाच्या २७ व्या वर्षी, आणि त्याच ऑगस्टमध्ये सेंट अँड्र्यूजला जाऊन विमेन्स ओपन पण जिंकली, कोर्डाला मागे टाकून. शेवटी सीएमई या सीझनच्या अखेरच्या स्पर्धेचे ४० लाख डॉलर थायलंडच्या जीनो थिटिकुलने नेले, तिचं तर लेखात नावसुद्धा नाही. त्या मुलीवर वेगळा लेख लिहाच प्लीज.