‘मधुमेह ठरावीक वंशांच्या रक्तातच असतो’ या दाव्याबाबत खुलासा

मधुमेह हा काही ठरावीक वंशांच्या रक्तातच असतो आणि इतरांनी, विशेषतः सडपातळ माणसांनी, त्याची चिंता करू नये, असा मजकूर, वेगवेगळ्या लोकसंख्यांतील मधुमेहाची टक्केवारी शेजारी-शेजारी मांडून, सध्या फिरत आहे. त्यात एक अर्धसत्य आहे. वेगवेगळ्या समाजगटांतील मधुमेहाचे प्रमाण खरोखरच फार वेगळे असते; मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पिमा या मूलनिवासी समाजाचे उदाहरण पाहावे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये राहणाऱ्या पिमा प्रौढांत टाइप 2 मधुमेहाचे प्रमाण सुमारे 38 टक्के आढळले, तर मेक्सिकोच्या डोंगराळ भागात शेतीची अंगमेहनत करणाऱ्या, आनुवंशिकदृष्ट्या त्यांच्या निकटच्या पिमा लोकांत ते जेमतेम 7 टक्के होते. आनुवंशिकता धोका वाढवते, हे मान्यच आहे. पण एवढी तफावत केवळ तिच्यामुळे पडली, असे म्हणता येणार नाही.

सडपातळपणाचा दिलासाही फसवा आहे. आशियाई वंशाच्या लोकांत तुलनेने कमी वजनातही मधुमेह जडतो, म्हणूनच अमेरिकेत त्यांच्यासाठी तपासणीचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) निकष 25 ऐवजी 23 सुचवला जातो.

आकडे वाचतानाही सावधगिरी हवी. वयोमानानुसार मधुमेह वाढत असल्याने तरुण आणि वृद्ध लोकसंख्यांची टक्केवारी, वयाचा फरक समायोजित न करता, शेजारी-शेजारी मांडणे दिशाभूल करणारे ठरते, आणि सदर मजकुरात नेमके तेच केलेले आहे.